थंड न राहणारे शीतकपाट : चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनक्षेत्रातील लसींची शीतसाखळी आणि तिच्यातील दोषांचे निदान

प्रस्तावना

भारतात १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम राबविला जात आहे. या कार्यक्रमातील लसी निर्मितीपासून बालकाला टोचल्या जाईपर्यंत ठरावीक तापमानात ठेवाव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर ही मर्यादा २ ते ८ अंश सेल्सियस अशी आहे. ती राखणाऱ्या साधनांच्या व माणसांच्या मालिकेस शीतसाखळी असे म्हणतात. साखळीचा शेवटचा स्थिर दुवा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतकपाट होय. त्यापुढे लस व्हॅक्सिन कॅरियरमध्ये घालून आरोग्यसेविकेबरोबर गावात जाते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही जिल्ह्यांत शीतकपाटाची कसोटी लागते. उन्हाळ्यात चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथील कमाल तापमान ४६-४७ अंशांपर्यंत चढते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जिल्ह्याच्या इतर भागाशी असलेला संपर्क तुटतो. वादळात झाड पडून तारा तुटल्या, तर जंगलातील वाहिनीची दुरुस्ती एका दिवसात होईलच असे नाही. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे; मात्र जिवतीच्या डोंगरावरील किंवा एटापल्लीच्या आतील केंद्रात किती व्होल्ट पोहोचतात, हे त्या क्षमतेवर नव्हे तर वाहिनीच्या लांबीवर व अवस्थेवर अवलंबून असते.

‘शीतकपाट थंड राहत नाही’ ही तक्रार आली की यंत्र बिघडले असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते आणि पहिला हात थर्मोस्टॅटच्या बटणाकडे जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा यंत्राच्या बाहेर, म्हणजे विद्युतदाब, जागा, झाकण, बर्फ व हाताळणी यांत असतो. घाईने फिरविलेले ते बटण मूळ तक्रारीपेक्षाही अधिक नुकसान घडवू शकते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

आय.एल.आर.ची रचना

लसींसाठी वापरले जाणारे शीतकपाट घरगुती फ्रीजहून वेगळे असते. त्यास आईस लाइन्ड रेफ्रिजरेटर, म्हणजेच आय.एल.आर. असे म्हणतात. त्याचे झाकण वर असते. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती पेटीतच राहते. उभ्या दाराच्या फ्रीजमधून मात्र ती पायाशी सांडते. आतील भिंतीभोवती पाण्याने भरलेल्या नळ्या किंवा आईसपॅक बसविलेले असतात. वीज असताना यंत्र हे पाणी गोठवून ठेवते आणि वीज गेल्यावर तो बर्फ वितळत असताना आतील उष्णता शोषून घेतो.

एक किलो बर्फ वितळण्यास लागणारी उष्णता तेवढेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेइतकी असते. शिवाय संपूर्ण बर्फ वितळेपर्यंत त्याचे तापमान शून्यावरच राहते. त्यामुळे दिवसातून सलग आठ तास वीज मिळाली तरी सुस्थितीतील आय.एल.आर. लस सुरक्षित ठेवू शकते. मात्र वीज गेल्यावर हा साठा किती वेळ पुरेल हे बाहेरच्या तापमानावर ठरते. आत ५ अंश व बाहेर २५ अंश असताना फरक २० अंशांचा असतो. बाहेर ४३ अंश झाले की तो ३८ अंशांचा होतो. आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढत असल्याने जानेवारीत जो बर्फ दोन दिवस टिकेल, तोच मे महिन्यात जेमतेम एक दिवस टिकेल. यात यंत्राचा दोष काहीच नाही.

यंत्र चालू असतानाही उन्हाळ्याचा भार त्याच्यावर पडतो. आतून काढलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कंडेन्सरची नळी खोलीतील हवेपेक्षा गरम असावी लागते. ही नळी ४० अंशांऐवजी ५५ अंशांवर चालवावी लागली, तर उष्मागतिकीच्या नियमानुसार आदर्श यंत्राच्याही कार्यक्षमतेची मर्यादा सुमारे चौथ्या हिश्श्याने घटते. पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीत भिंतीला चिकटवून ठेवलेले व धुळीने माखलेले यंत्र त्याहून वाईट चालते. म्हणूनच आय.एल.आर. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर अंतरावर, ऊन न येणाऱ्या व हवा खेळती असलेल्या खोलीत ठेवण्याचा दंडक आहे.

दोष शोधण्याचा क्रम

तापमान ८ अंशांच्या वर गेल्याचे दिसताच प्रथम लस वाचविणे आवश्यक असते. यंत्राचा विचार नंतर करावयाचा. वीज नसेल आणि तापमान अद्याप मर्यादेत असेल, तर झाकण न उघडणे हाच उत्तम उपाय होय. दर अर्ध्या तासाने आत डोकावून पाहणारा काळजीवाहू कर्मचारी नकळत बर्फाचा साठा खर्च करीत असतो. तापमान मर्यादेबाहेर जाऊ लागले, तर लस कोल्ड बॉक्समध्ये हलवून जवळच्या चालू शीतकपाटाकडे न्यावी लागते. हे केंद्र कोणते, वाहन कोणते आणि रस्ता बंद असल्यास पर्याय कोणता, हे पावसाळ्यापूर्वीच लिहून भिंतीवर लावलेले असावे. पूर आल्यावर असा निर्णय घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

यानंतर तापमापकाची परीक्षा करावी. तापमापक भिंतीला किंवा बर्फाच्या थराला टेकलेला असेल तर त्याचे वाचन फसवे ठरते. बारीक केलेल्या वितळत्या बर्फाच्या पाण्यात तो बुडविला असता शून्य अंश दाखवितो की नाही, एवढी साधी चाचणी कोणत्याही केंद्रात करता येते. नोंदवहीत दिवसातून दोनदा तापमान लिहिण्याची पद्धत आहे. सलग महिनाभर सकाळ-संध्याकाळ ‘४’ हाच आकडा आढळला, तर तापमापकापेक्षा नोंदीविषयीच शंका घ्यावी.

तिसरी पायरी विजेची. वनक्षेत्रातील तक्रारींचा उलगडा येथेच अधिक होतो. कॉम्प्रेसरमधील मोटार इंडक्शन प्रकारची असून तिचा फिरविण्याचा जोर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टऐवजी १६० व्होल्ट मिळाले तर दाब सुमारे ७० टक्के राहतो, परंतु जोर मात्र निम्म्यावर येतो. अशा वेळी मोटार घुमते, फिरत नाही. काही सेकंदांनी संरक्षक स्विच ‘टक्’ असा आवाज करून ती बंद करतो आणि थोड्या वेळाने हाच प्रकार पुन्हा घडतो. दिवा लागलेला असल्याने ‘वीज आहे’ असे कर्मचारी सांगतो व त्याचे म्हणणे खोटेही नसते. यासाठी प्रत्येक उपकरणास स्वतंत्र व्होल्टेज स्टॅबिलायझर दिलेला असतो. तो जळाल्यावर यंत्र थेट भिंतीतील प्लगला जोडण्याची ‘तात्पुरती’ सोय हे पुढील मोठ्या खर्चाचे कारण ठरते. वीज गेल्यानंतर लगेच परत आली, तर नळ्यांमधील वायूचा दाब समतोल झालेला नसतो आणि मोटारीस सुरू होणे कठीण जाते. म्हणून चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये काही मिनिटांच्या विलंबाची सोय असते. ही काही मिनिटे म्हणजे बिघाड नव्हे.

मोटार नीट चालत असूनही थंडावा येत नसेल, तर हाताने पडताळणी करावी. कंडेन्सर कोमट लागत असेल तर उष्णता बाहेर पडत आहे. मग धूळ, हवेची कोंडी, झाकणाची रबरी पट्टी किंवा एकदम भरलेला गरम माल यांकडे पाहावे. झाकणात कागदाची पट्टी धरून ती ओढून पाहावी. सहज निघाली तर पट्टी सैल झाली आहे. आतील भिंतीवर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड हिम जमले असेल तर ते वितळवून काढावे लागते, कारण हिम स्वतः थंड असले तरी उष्णतेच्या वहनास अडथळाच करते. ते चाकूने खरवडू नये. नळीला भोक पडले तर पेटीच निकामी होते. मोटार सतत चालते, कंडेन्सर मात्र थंडच लागतो, अशी स्थिती असेल तर शीतक वायू निसटल्याची शक्यता असते. हे काम जिल्ह्याच्या शीतसाखळी तंत्रज्ञाचे आहे. केंद्रात यापुढे जाऊ नये.

थर्मोस्टॅट या क्रमात सर्वांत शेवटी येतो.

गोठण्याचा दुर्लक्षित धोका

चंद्रपूरसारख्या प्रदेशात उष्णतेची भीती वाटणे स्वाभाविक आहे. याच भीतीमुळे मे महिन्यात थर्मोस्टॅट अधिकाधिक थंडाकडे नेला जातो आणि डिसेंबरपर्यंत तो तसाच राहतो. हिवाळ्याच्या रात्री वनक्षेत्रातील पारा बराच खाली येतो. बाहेरची उष्णता आत झिरपत नाही, यंत्र पूर्वीच्याच जोमाने चालते आणि तळाशी तापमान शून्याखाली जाते. दाब सुधारल्यावर किंवा कंडेन्सर स्वच्छ केल्यावरही हेच घडू शकते.

पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, टीडी यांसारख्या लसींमध्ये अॅल्युमिनियमच्या क्षाराच्या सूक्ष्म कणांवर प्रतिजन चिकटविलेले असते. लस गोठली की हे कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात. पुन्हा वितळल्यावर ते पूर्ववत होत नाहीत व लसीची परिणामकारकता कायमची घटते. हिपॅटायटिस-बी लस उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठू लागते. २००७ साली ‘व्हॅक्सिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, विविध देशांतील अभ्यासांनुसार १४ ते ३५ टक्के शीतकपाटांत किंवा वाहतुकीत लसी गोठणाऱ्या तापमानास सामोऱ्या गेल्याचे नोंदविले आहे. उष्ण देशही याला अपवाद नव्हते.

हा धोका सहज दिसत नाही. कुपीवरील व्ही.व्ही.एम. या खुणेतील आतला चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होतो व बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाशी जुळला की लस टाकून दिली जाते. उष्णतेचे नुकसान असे साचत जाते आणि दिसतेही. गोठल्याची नोंद मात्र ही खूण घेत नाही. गोठून वितळलेल्या कुपीवरील चौकोन शुभ्र व निर्दोष दिसतो. बालकाला सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते आणि संरक्षण मात्र मिळालेले नसते. यंत्र बंद पडल्यास निदान कोणीतरी धावपळ करते. येथे तेही घडत नाही.

संशय आल्यास हलवून पाहण्याची चाचणी उपयोगी पडते. त्याच उत्पादकाची व त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम घट्ट गोठवून वितळवितात व तिच्यावर खूण करतात. मग ती आणि संशयित कुपी एकत्र हलवून सपाट जागी शेजारी-शेजारी ठेवतात. संशयित कुपीतील साका गोठविलेल्या कुपीइतक्याच किंवा अधिक वेगाने तळाशी बसला, तर ती लस वापरू नये. घट्ट गोठलेल्या अवस्थेतच सापडलेल्या कुपीला चाचणीची गरज नाही. ती बाद होय.

रचनेतील शिस्तही याच कारणासाठी आहे. तोंडावाटे देण्याची पोलिओ लस व गोवर-रुबेला लस तळाकडे ठेवतात. गोठण्यास संवेदनशील लसी वरच्या टोपलीत ठेवतात. टोपली नसेल तर तळाशी रिकाम्या आईसपॅकचे दोन थर रचतात. व्हॅक्सिन कॅरियर भरतानाही फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक लगेच घालू नये. त्यावर घाम येऊन तो हलविताना आत पाणी वाजेपर्यंत थांबावे लागते. सकाळी सहाला निघावयाच्या आरोग्यसेविकेस ही वाट पाहणे जड जाते, हे खरे. परंतु यावर सुचविण्यासारखा उपाय एकच, की आईसपॅक आधी बाहेर काढावेत.

वाहनातील व विजेविना चालणारी शीतकपाटे

फिरत्या वैद्यकीय पथकाच्या वाहनात शीतकपाट ठेवावयाचे झाल्यास प्रश्न बदलतात. पाश्चात्त्य देशांत मुक्कामी प्रवासाच्या गाड्यांत शोषण पद्धतीचे शीतकपाट प्रचलित आहे. स्टॉकहोम येथील प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये त्याची रचना केली. अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांवर चालणाऱ्या या यंत्रात कॉम्प्रेसर नसतो; गॅसची किंवा रॉकेलची ज्योत त्यास पुरते. विजेचे जाळे नसलेल्या देशांत लसींसाठीही अशी यंत्रे वापरली गेली. परंतु त्यातील द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्याने गाडी तिरकी उभी राहिली की थंडावा थांबतो. वाऱ्याने ज्योत विझते, धुराड्यात काजळी साचते आणि भोवतालची हवा तापली की कार्यक्षमता झपाट्याने उतरते. नळीजवळ अमोनियाचा वास व पिवळा डाग दिसला तर गळती आहे असे समजून ज्योत तत्काळ विझवावी. तापमान काटेकोर राखणे कठीण असल्याने लसीसाठी आता या प्रकारास पसंती दिली जात नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घाटात उभ्या गाडीसाठी तर ते अयोग्यच म्हणावे लागेल. उत्तम कोल्ड बॉक्स त्यापेक्षा भरवशाचा.

स्थिर केंद्रांसाठी गेल्या दीड दशकात बॅटरीविरहित सौर शीतकपाट हा पर्याय पुढे आला आहे. सौरपट्टीची वीज थेट कॉम्प्रेसरला दिली जाते व ऊर्जा बर्फाच्या रूपाने साठविली जाते. बॅटरी निकामी होण्याचा जुना प्रश्नच राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ते सूर्यप्रकाशाविना किमान तीन दिवस टिकावे लागते. भामरागडच्या पावसाळ्यात मात्र ढगाळ दिवस सलग तीनपेक्षा अधिक असू शकतात, आणि सागवानाच्या सावलीत बसविलेली पट्टी स्वच्छ उन्हातही अपुरी पडते. त्यामुळे पट्टीची जागा उन्हाळ्यात निवडू नये. उन्हाळ्यात पानगळीने मोकळी दिसणारी जागा जुलैमध्ये दाट सावलीखाली जाते. जुलैतील एका दुपारी तेथे उभे राहून सावली कोठवर येते हे पाहून मगच खांब रोवावा.