फाटकाच्या आतला वडापाव

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या पाममध्ये घरोघरी मुलांचा एकच हट्ट सुरू होतो, "वॉटर पार्कला जाऊया!" इथली बरीच माणसे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवून वर्षातून एकदा हा हट्ट पुरवला जातो. गाडीभाडे आणि तिकीट यांचा हिशेब घरूनच करून निघता येतो. तो कोलमडतो आत गेल्यावर, खाण्याच्या खिडकीशी. मुलाने दुसऱ्यांदा काही मागितले की बाप आधी भावफलकाकडे पाहतो आणि मग मुलाकडे.

आपल्याकडे सहलीची आणि करमणुकीची जुनी जागा म्हणजे जत्रा. डहाणूजवळ विवळवेढ्याला चैत्री पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते. तिथेही पाळणे असतात, गर्दी असते, ऊन तर असतेच. पण एका भेळवाल्याने भाव वाढवला तर गिऱ्हाईक चार पावले पुढे जाते. कुणी घरची भाकरी सोडून झाडाखाली बसले तर त्याला कोणी उठवत नाही. जत्रेला भिंत नसते आणि तिथले भाव त्यामुळेच आवाक्यात राहतात.

गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उभे राहिले. आपल्या जिल्ह्यातही परोळला जलउद्यान आहे. एस्सेलवर्ल्ड आता बंद झाले, पण मनोरंजन उद्यान ही कल्पना रुजली. या उद्यानांबरोबर जत्रेला भिंत आली, फाटक आले आणि बऱ्याच फाटकांवर पिशव्यांची तपासणीही आली.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. गर्दी सुट्टीतली आणि शनिवार-रविवारची, पण नोकरांचे पगार आणि यंत्रांची देखभाल बारा महिने. बाहेरचे खाणे आत येऊ दिले तर काचेच्या बाटल्या, दारू आणि कचराही येतो. हे सगळे खरे. तरीही वडापाव महाग होण्याचे मोठे कारण म्हणजे दुसरे दुकान नसणे. गिऱ्हाईक कुठे जाऊ शकत नाही, म्हटल्यावर किंमत ठरते ती भुकेवर. आणि पाण्यात दोन तास डुंबलेल्या पोराची भूक काय असते, ते आईबापांना सांगायला नको.

दर्जाचेही तेच. गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही हे ठाऊक असले की कढईतले तेल बदलायची घाई राहत नाही. तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात शरीराला अपायकारक घटक वाढत जातात. त्यातली 'ध्रुवीय संयुगे' २५ टक्क्यांवर गेली तर ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपल्याकडे मोजायचे यंत्र नसते. पण काळपट, दाट, फेसाळणारे, धुरकट तेल डोळ्यांना दिसते. दुकानात चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक लावलेला असायला हवा. २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो.

पूर्वी एकाच पाण्याच्या बाटलीवर बाजारात एक आणि मॉल-मल्टिप्लेक्समध्ये दुसरी किंमत छापली जाई. १ जानेवारी २०१८ पासून त्याला बंदी आहे. टेबलाशी बसवून सेवा देणाऱ्या हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. मात्र साध्या दुकानातून सीलबंद बाटली घेतली, तर छापील किमतीवर एक रुपयाही द्यायचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी एका उद्यानाच्या फाटकावर आमचा डबा बाहेर ठेवायला लावला. त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि उकडलेली अंडी होती. पत्नीला मधुमेह, वेळेवर खावे लागते. रखवालदार अदबीने म्हणाला, "चाचा, नियम आहे." डबा नेहमी काटकसरीपोटी नेतात असे नाही. कुणी हलाल पाहतो, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाचा उपवास असतो, कुणाला पथ्य असते. घरच्या डब्यात काय आहे ते खाणाऱ्याला ठाऊक असते.

चित्रपटगृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, की बाहेरचे खाणे आणू द्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो. पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यायला हवे आणि तान्ह्या मुलांचे खाणे आणू द्यायला हवे. निकाल चित्रपटगृहांचा आहे. पण उन्हात दिवस काढायच्या उद्यानात पाण्याची गरज त्याहून मोठी. ज्याने फाटकावर बाटली काढून घेतली, त्याने आत माठ भरून ठेवलाच पाहिजे.

शांघायच्या डिस्नेलँडमध्ये २०१९ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा खाऊ फाटकावर अडवला गेला. ती कोर्टात गेली. तडजोडीत तिला मिळाले अवघे पन्नास युआन. पण उद्यानाने नियमच बदलला आणि स्वतःपुरते खाणे आत नेण्याची मुभा सर्वांना मिळाली.

आपल्याला एवढे तर करता येईल. तिकीट काढण्याआधी विचारावे : आत मोफत पाणी कुठे आहे? लहान मुलाचे आणि आजाऱ्याचे खाणे नेता येईल का? खाऊन परत आत येता येईल का? बिल मागून घ्यावे. अडवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

उद्यानांनीही खाण्याचा भावफलक तिकीटखिडकीशेजारी लावावा. एखादी खिडकी जवळच्या गावातल्या बचत गटाला द्यावी. आपल्याकडे केळव्याचे ताडगोळे आहेत, घोलवडचे चिकू आहेत. त्यांना तळणीचे तेलही लागत नाही. परवडेल असे चार घास आत मिळाले, तर फाटकावर पिशव्या उघडून पाहायची वेळही कमी येईल.