जुना लॅपटॉप : दुरुस्ती की निरोप?

लॅपटॉप रखडू लागला म्हणजे तो निकामी झाला, असे नव्हे. अनेकदा दोष फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र चपळ होते. बॅटरी तर झिजणारच, तीही बदलता येते. यावर आक्षेप असा, की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. आक्षेप खरा, पण निर्णायक नाही : लेखन आणि इंटरनेटपुरते काम असेल, तर मोफत लिनक्स पुरते. मात्र मदरबोर्डच गेला आणि दुरुस्तीचा खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर पोचला, तर जुने यंत्र जपण्याचा मोह आवरावा. थोडक्यात, आधी निदान, मग खरेदी.