खुर्च्या मांडण्याआधी दार वाजवा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारात दुसरीत शिकणारी एक मुलगी पडली. गटार तुडुंब वाहत होते. तिथून जाणाऱ्या पाववाल्याने सायकल टाकून तिच्या दप्तराचा पट्टा धरला, म्हणून ती वाचली. अल्लाहचे शुक्र!

त्या संध्याकाळी अख्खा मोहल्ला रस्त्यावर होता. 'आता कमिटी झालीच पाहिजे,' असे प्रत्येकजण म्हणत होता. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर एलान झाला. इशानंतर आम्ही मस्जिदीच्या अंगणात पन्नास खुर्च्या मांडल्या. आले किती? अकरा. त्यात चार तर बोलावणारे आम्हीच होतो.

'आपल्या लोकांना कशाचे काही पडलेलेच नाही,' असे म्हणत आम्ही खुर्च्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी हीच तक्रार शेजारच्या चाचींपुढे केली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही बोलणार, आम्ही ऐकणार. मग यायचं कशाला? आणि बायकांनी रात्री मस्जिदीच्या अंगणात यायचं तरी कसं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

भिवंडीने काय केले?

मोहल्ला कमिटी म्हटले की महाराष्ट्रात भिवंडीची आठवण निघते. यंत्रमागांच्या या गावाने मे १९७० आणि मे १९८४ अशा दोन मोठ्या दंगली पाहिल्या. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सुरेश खोपडे १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी गल्लोगल्ली उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांना याचे मोठे श्रेय दिले जाते.

शांतता कमिट्या त्याआधीही होत्याच. पण त्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी बसत, आणि त्यांची बैठक तणाव वाढला की भरे. मोहल्ला कमिटीत त्याच गल्लीतली साधी माणसे होती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांची बैठक वातावरण शांत असतानाही नियमित होत असे. विषय रोजचेच असत. किरकोळ भांडणे तिथल्या तिथे मिटवली जात. त्यामुळे वाईट दिवस आले तेव्हा माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती. अफवा आली तर विचारायला कोणीतरी ओळखीचे होते. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे ही मंडळी त्यात होती. तरुणांना जवळ आणण्यासाठी त्यांनी क्रिकेटचे सामनेही भरवले.

आमचा प्रश्न भिवंडीइतका मोठा नव्हता. पण आमची चूक लक्षात आली. आम्ही संकटानंतर बैठक बोलावली होती आणि मोजक्याच लोकांना सोयीची वेळ नि जागा निवडली होती.

दारोदार

मग आम्ही खुर्च्या मांडणे थांबवले आणि दारे वाजवू लागलो. दोघे-दोघे मिळून, रोज पाच घरे. एकच प्रश्न विचारायचा, 'तुम्हाला गल्लीत कशाचा त्रास होतो?' उत्तर वहीत लिहायचे. मध्ये बोलायचे नाही. आम्हा शिक्षकांना हे सर्वांत जड गेले.

वहीने आमचे डोळे उघडले. आम्हाला वाटत होते गटार हाच एक प्रश्न. बायकांनी पहिला नंबर पाण्याच्या वेळेला दिला. नळ पहाटे कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून झोप नाही. भाडेकरू म्हणाले, "आम्ही आज आहोत, उद्या नाही. आम्हाला कोण विचारतो?" गल्लीच्या टोकाला राहणारे एक हिंदू काका म्हणाले, "मस्जिदीत बैठक म्हटल्यावर आम्हाला वाटलं, तुमची आतली बाब असेल." गटार तर त्यांच्याही दारावरूनच वाहते!

तेव्हा आम्ही जागा बदलली. बैठक शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. बायकांची दुपारी तीन वाजता, मुले शाळेत असताना; पुरुषांची रविवारी सकाळी. दोन्हींचे ठराव एकाच वहीत. भाडेकरूंनाही तेवढाच हक्क.

प्रत्येकाला एक काम

दुसरी गोष्ट चाचींनीच शिकवली. माणूस ऐकायला एकदा येतो, काम असेल तर पुन्हा येतो. म्हणून कामे लहान केली. शिवणकाम करणाऱ्या एका भाभींनी नळाची रोजची वेळ लिहून ठेवायची. कॉलेजातल्या मुलाने गटाराचे फोटो काढायचे. रिक्षावाल्या भाईंनी अर्ज पोचवायचा. काकांनी हिशेब ठेवायचा. घरटी वीस रुपये वर्गणी, आणि महिन्याचा हिशेब भिंतीवर. पैशाबद्दल कुजबुज सुरू झाली की कमिटी संपते, हे आम्ही पूर्वी पाहिले होते.

पहिल्या अर्जाची पोच आम्ही घेतली नव्हती. कार्यालयात तो सापडलाच नाही. दुसऱ्या वेळी शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. दोन महिने उत्तर नाही, तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. 'आमच्या अर्जावर काय कारवाई झाली?' एवढेच विचारले. त्याच आठवड्यात चौदा बायका भाभींची वही घेऊन कार्यालयात गेल्या. कोणी आवाज चढवला नाही. साहेबांपुढे तीन महिन्यांच्या नळाच्या वेळा ठेवल्या.

पुढच्या पावसाळ्याआधी गटाराच्या अर्ध्या भागावर फरशा पडल्या. पाणी आता ठरल्या वेळी येते; उशीर होणार असेल तर आधी कळते.

अजून बाकी

सगळे गोड झाले असे नाही. फरशा पडताच बैठकीतली माणसे कमी झाली. दोघे निवडणुकीच्या वाऱ्यात रुसून गेले. उरलेले अर्धे गटार आजही उघडेच आहे.

पण आता आम्ही चिडत नाही. कोण आले नाही ते वहीत पाहतो आणि आठवड्यात त्याच्या दारी जातो. कधी कळते की घरात आजारपण आहे. तेव्हा गटाराचा विषय बाजूला राहतो आणि डबा जातो. शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना तोंडपाठ करून घेतो. तो पाळायचा तर आधी शेजारच्या घरात काय चालले आहे हे माहीत हवे.

तुमच्या मोहल्ल्यात कमिटी करायची असेल तर एलान नंतर करा. आज मगरिबनंतर, किंवा तुम्हाला जमेल तेव्हा, पाच घरी जा. वही बरोबर घ्या आणि ऐका.

ती मुलगी आता चौथीत आहे. फरशांच्या बाजूने चालत शाळेत येते. उघड्या भागाजवळ पोचली की अजूनही थांबून आईचा हात धरते. पुढची बैठक त्याच भागासाठी आहे.