गाव नसलेला ‘कर’ : एका दुर्मीळ फ्रेंच आडनावाचा शोध

माझं आडनाव लंगडे. शाळेत हजेरी घेताना या आडनावापाशी रोज थोडा हशा व्हायचा. थोरल्या भावाने नोकरी लागल्या लागल्या राजपत्रात नोटीस दिली आणि गावाच्या नावाला ‘कर’ जोडून मोकळा झाला. मी बदललं नाही. त्यात निर्धार वगैरे काही नव्हता, आळस होता. पण तेव्हापासून आडनावांचा नाद लागला. नोकरी सांभाळून, मिळतील ती पुस्तकं आणून, पुढे शब्दकोश हाताशी घेऊन फ्रेंचही वाचायला लागलो, ते एका माणसामुळे.

महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेवर वाचत होतो. पाटण आणि मेडता या १७९० सालच्या दोन लढायांत राजपुतांना हरवणाऱ्या पलटणी ज्याने उभ्या केल्या, तो सेनापती मराठी पुस्तकांत ‘डी बॉयन’ म्हणून भेटतो. फ्रेंच उच्चार वेगळा आहे, पण आपल्याकडे रुळलेलं रूपच मी इथे ठेवतो. त्या पलटणींना ‘कंपू’ म्हणत. आज आपण साहित्यातल्या कंपूंबद्दल तक्रार करतो तेव्हा तोच छावणीतला शब्द वापरत असतो. तर या डी बॉयनच्या चरित्राच्या पहिल्याच पानावर मी अडकलो. जन्म ८ मार्च १७५१, शांबेरी, साव्हॉय. वडील कातडी आणि फर यांचे व्यापारी. आणि बाप्तिस्म्याचं आडनाव : लबॉर्न्य.

‘बॉर्न्य’ म्हणजे एका डोळ्याने आंधळा. ‘ल’ हा तिथला निश्चयदर्शक शब्द. लबॉर्न्य म्हणजे सरळ मराठीत ‘काणा’. मला त्या क्षणी तो सेनापती जवळचा वाटू लागला, हे कबूल करतो.

फ्रान्समध्ये पिढीजात आडनावं साधारण बाराव्या-तेराव्या शतकापासून रुजत गेली. १५३९ साली राजा पहिल्या फ्रान्स्वाने चर्चमध्ये बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला आणि ती कागदावर पक्की होऊ लागली. त्यांचे प्रकार आपल्याला अनोळखी नाहीत. मार्तां हे आज सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. ते मूळचं एका संताचं, म्हणजे व्यक्तिनामावरून आलेलं. द्यूपाँ म्हणजे पुलापाशी राहणारा. लफेव्र म्हणजे लोहार, बुलांजे म्हणजे पाव भाजणारा. आणि चौथा प्रकार शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेल्या नावांचा. लग्राँ हा थोराड, लरू हा तांबड्या केसांचा, लसूर हा बहिरा. काम्यू म्हणजे नकटा. नोबेल मिळवणाऱ्या लेखकाच्या आडनावाचा अर्थ आपल्या वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल? फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीचे अनेक वर्षं प्रमुख असलेले अर्थतज्ज्ञ मार्सेल ब्वातो यांचं आडनाव म्हणजे तर थेट ‘लंगडा’. त्यांनी ते बदललं नाही. भावाला हे मी मुद्दाम पत्राने कळवलं होतं.

लबॉर्न्य हे काही दुर्मीळ आडनाव नव्हे. ब्रिटनी प्रांतात ते दोन शब्दांत लिहिण्याची चाल आहे आणि तिथे ही मंडळी बरीच आहेत. इतरत्र ते जोडून लिहितात. एक लबॉर्न्य तर वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे, पण नावाने नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली एक रुग्ण वारला. त्याला ‘तान’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काहीच बोलता येत नव्हतं. त्याच्या मेंदूवरून पॉल ब्रोकाने वाचेचं केंद्र दाखवून दिलं. पाठ्यपुस्तकांत तो ‘तान’ म्हणूनच राहिला. तो लुई व्हिक्तोर लबॉर्न्य होता, मोरे गावचा, हे सगळं नीट जुळवून प्रसिद्ध व्हायला २०१३ साल उजाडलं.

आता शांबेरीच्या लबॉर्न्यकडे येऊ. बनुआ हे त्याचं पहिलं नाव. फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेल्या आयरिश पलटणीत तो शिरला, मग रशियाच्या बाजूने लढताना तुर्कांच्या कैदेत पडला, पुढे मद्रासला इंग्रजांच्या पलटणीत राहिला आणि १७८४ साली शिंद्यांकडे आला. या भटकंतीत लबॉर्न्यचा ‘द बॉयन’ झाला. कारागिरी बघण्यासारखी आहे. ‘ल’ काढून तिथे ‘द’ घातला, मधला ‘र’ गाळला आणि एक ‘इ’ बसवला. कानाला ओळख राहिली, अर्थ पुसला गेला.

यातला ‘द’ महत्त्वाचा. ‘द’ म्हणजे ‘चा’, अमुक ठिकाणचा. आपल्या ‘कर’चं काम तो शब्दाच्या पुढे उभा राहून करतो. तो असला की माणूस सरदार घराण्यातला, असा समज फ्रान्समध्ये तेव्हाही होता आणि आजही आहे. समज चुकीचा आहे. ‘द’ लावणारी कितीतरी शेतकरी घराणी होती आणि ‘द’ नसलेले अस्सल सरदारही होते. पण समजालाही किंमत असते, विशेषतः परक्या मुलखात सनद शोधत फिरणाऱ्या तरुणाच्या लेखी. मात्र बॉयन नावाचं वतन किंवा जहागीर कातड्याच्या व्यापाऱ्याच्या या घराकडे कधीच नव्हती. हा गाव नसलेला ‘कर’ होता. खरी जहागीर मिळाली ती महादजींकडून, दुआबात, अलीगढच्या आसपास.

तो एकटाच असा नव्हता. त्याच्यामागून शिंद्यांच्या कंपूंचा प्रमुख झालेला पेरॉन हा जन्माने प्येर क्वीये. ‘पेरॉन’ हे प्येर या पहिल्या नावाचंच लाडकं रूप. बनुआचा एक भाऊ क्रांतीच्या काळात पाचशेंच्या सभेत सां-दोमिंग्यू वसाहतीचा, म्हणजे आजच्या हैतीचा, प्रतिनिधी होता. तो ‘लबॉर्न्य द बॉयन’ अशी दोन्ही नावं लावी. मला हा भाऊ जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्याला शिंद्यांकडे जायचं नव्हतं.

फ्रान्समध्ये राहून हे करणं पुढे अवघड झालं. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीत असलेलं नावच प्रत्येकाने लावावं असं ठरलं. हा नियम आजही आहे. १८०३ सालच्या कायद्याने सरकारकडे अर्ज करून आडनाव बदलण्याची वाट ठेवली. हास्यास्पद किंवा लाजिरवाणं आडनाव हे अर्जाचं नेहमीचं कारण. मंजुरी मिळाली की तिथल्या राजपत्रात छापून येतं. आमच्या भावासारखंच, पण तिथे वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. बनुआने नाव बदललं तेव्हा साव्हॉय फ्रान्समध्ये नव्हतंच, ते सार्डिनियाच्या राजाचं होतं. क्रांतीनंतर १७९२ ते १८१५ फ्रेंचांकडे गेलं, परत आलं आणि १८६० साली कायमचं फ्रान्सला जोडलं गेलं. त्या अर्थाने हे ‘फ्रेंच’ आडनाव फ्रेंच झालं ते जन्मल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, तो.

हिंदुस्थानात डी बॉयनने नूर नावाच्या मुलीशी संसार मांडला. ती मोगल सेवेतल्या एका इराणी अधिकाऱ्याची मुलगी. तिची बहीण लखनौच्या दरबारी वावरणाऱ्या विल्यम पामर या इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी होती. नूरला दोन मुलं झाली, बानू जान आणि अली बक्ष. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतरावांच्या दरबारात डी बॉयनचं मन रमलं नाही. १७९६ साली तो या तिघांना घेऊन निघाला आणि १७९७ च्या सुरुवातीला लंडनला पोचला. तिथे मुलांचे बाप्तिस्मे झाले. बानू जानची अ‍ॅना झाली आणि अली बक्षचा चार्ल्स अलेक्झांडर. नूरची हेलन बेनेट झाली.

बेनेट. द बॉयन नव्हे. बनुआ या नावाचंच ते इंग्रजी रूप. स्वतःसाठी इतक्या हिकमतीने घडवलेलं आडनाव त्याने तिला दिलं नाही, आपलं पहिलं नाव दिलं. ते आडनाव दुसरीला दिलं. ११ जून १७९८ रोजी लंडनमध्येच त्याने अडेल दोस्माँ या सतरा वर्षांच्या फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केलं. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. मुलीचं घराणं क्रांतीमुळे परागंदा आणि कफल्लक झालेलं होतं. लग्न टिकलं नाही. नवऱ्याने आपलं कुळ आणि पूर्वायुष्य लपवलं, ही तिची तक्रार तिच्या आठवणींत राहिली. गंमत अशी की मूळ नावामुळे फसवणूक झाली असं मानणारी हीच बाई त्या बनवलेल्या नावाला वाङ्मयात अमर करून गेली. तिच्या आठवणी १९०७ साली छापल्या गेल्या. मार्सेल प्रूस्तने त्यांवर ‘ल फिगारो’मध्ये लेख लिहिला. फ्रेंच वाचकाला आज ‘द बॉयन’ म्हटलं की आधी आठवते ती ती काउंटेस. महादजींचा सेनापती नंतर.

पण तिला मूल झालं नाही. अ‍ॅना तरुणपणीच गेली. म्हणजे साव्हॉयच्या या घराण्याचं नाव पुढे जाणार की संपणार, हे एका माणसावर येऊन ठेपलं : हिंदुस्थानात अली बक्ष म्हणून जन्मलेल्या चार्ल्स-अलेक्झांडरवर. बापाला सार्डिनियाच्या राजाने १८१६ साली काउंट केलं, त्याच वर्षी मुलाचं लग्न साव्हॉयच्या सरदार घराण्यातल्या मुलीशी झालं. तिच्यापासून त्याला बरीच मुलं झाली. नातू अर्नेस्त पुढे फ्रेंच संसदेत साव्हॉयचा प्रतिनिधी झाला. काउंट द बॉयन म्हणवणारं जे घराणं त्यानंतर साव्हॉयमध्ये नांदलं, ते सगळं नूरच्या पोटचं आहे.

आडनाव अशा एका धाग्यावर लोंबकळतं तेव्हा काय होतं, याचं गणित एका फ्रेंचानेच पहिल्यांदा मांडलं. इरेने-झ्यूल ब्येनेमे याने १८४५ साली घराण्यांची नावं का लोपतात याचा हिशेब केला. इंग्लंडात गाल्टन आणि वॉटसन यांनी तोच प्रश्न १८७४ साली घेतला आणि श्रेय बराच काळ त्यांच्याकडे राहिलं. हिशेब थोडक्यात असा : नाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल आणि प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकच मुलगा पडत असेल, तर लोकसंख्या घटली नाही तरी नाव आज ना उद्या संपतं. दहा-पंधरा घरांत पसरलेलं नाव तगून राहतं, एकाच घरातलं नाव एका पिढीच्या अपघाताने जातं. म्हणूनच फ्रेंच कायद्यात लुप्त होत चाललेलं पूर्वजाचं नाव वाचवणं हे आडनाव बदलण्याचं मान्य कारण आहे. २००५ पासून मुलांना आईचं आडनाव देता येतं आणि १ जुलै २०२२ पासून सज्ञान माणसाला आयुष्यात एकदा नगरपालिकेत नुसतं लिहून देऊन आईचं आडनाव घेता येतं.

फ्रान्समध्ये दहा लाखांहून जास्त वेगवेगळी आडनावं नोंदली गेली आहेत आणि त्यांतली फार मोठी संख्या मूठभर माणसांची आहे. इन्से या सांख्यिकी संस्थेने १८९१ पासूनच्या जन्मांवरून केलेल्या याद्या संशोधकांना उपयोगी पडतात, पण जपून वापराव्या लागतात. त्या जन्म मोजतात, आज हयात असलेली माणसं नव्हे. मूळ नोंदवही १९४० नंतरच्या दशकातली, त्यामुळे आधीच वारलेले बरेचसे निसटतात. अगदी छोटी नावं ‘इतर’ या एका रांगेत ढकलली जातात. आणि मोजणी फ्रान्समध्ये झालेल्या जन्मांची. द बॉयन घराण्याचा मूळपुरुष अली बक्ष आज जन्मला असता, तरी या मोजणीत आला नसता.

नूर ससेक्स परगण्यात लोअर बीडिंगला राहिली. पुढे मुलगा शांबेरीत काउंट म्हणून वावरत होता तेव्हा ती इंग्लंडात मिसेस बेनेट होती. दोघंही १८५३ सालीच वारले, आधी मुलगा आणि डिसेंबरात आई. हॉर्शमला तिची कबर आहे. आजूबाजूच्या ख्रिस्ती कबरींपेक्षा तिची दिशा वेगळी आहे असं सांगतात. दगडावरचं नाव मात्र बेनेट.

डी बॉयन १८३० साली शांबेरीत वारला. पैशाचा मोठा भाग त्याने गावाला दिला. इस्पितळ, अनाथांची सोय, नाट्यगृह. त्याच्या नावाचा कमानींचा रस्ता तिथे आहे. १८३८ साली गावाने त्याचं स्मारक केलं : उंच खांबावर त्याचा पुतळा आणि खाली चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती, सोंडेतून पाणी सोडणारे. हत्तींचे पुढचे अर्धे देहच शिल्पकाराने बाहेर काढले आहेत, मागचा भाग खांबात. त्यामुळे शांबेरीकर या स्मारकाला पहिल्यापासून ‘बिनढुंगणाचे चौघे’ म्हणतात. रस्ता विचारला तरी त्याच नावाने सांगतात.