डिकीची एक वायर आणि कॉइलचा हट्ट

समजा, तुमच्या गाडीला बाहेरून घेतलेला अलार्म बसवलाय. रिमोटवर डिकीचं बटण आहे, पण दाबलं तर काहीच होत नाही, कारण ती वायर कुठेच जोडलेली नाही. "जोडून टाकू की, एकच तर वायर आहे!" असं वाटतं ना? जरा थांबा. या एका वायरीत माझ्या पीएचडीचा निम्मा विषय दडलाय.

आधी आकडे बघू. अलार्मची ही वायर बहुतेक वेळा 'निगेटिव्ह' असते. म्हणजे बटण दाबलं की आतला छोटा ट्रान्झिस्टर तिला क्षणभर अर्थला जोडतो. तो साधारण २०० ते ५०० मिलीॲम्पिअरच झेलू शकतो. डिकीचं कुलूप ओढणाऱ्या सॉलेनॉइडला मात्र काही ॲम्पिअर लागतात. थेट जोडलंत तर ट्रान्झिस्टर गेलाच म्हणून समजा.

म्हणून मध्ये रिले घालायचा. त्याची कॉइल समजा ८० ओहमची असेल, तर १२ व्होल्टला १५० मिलीॲम्पिअर घेते. हे अलार्मला झेपतं. ८६ नंबरच्या पिनला फ्यूजमधून १२ व्होल्ट, ८५ ला अलार्मची वायर, ८७ ला वेगळ्या फ्यूजमधून १२ व्होल्ट आणि ३० वरून सॉलेनॉइडकडे. तुमच्या गाडीत डिकीचं बटण अर्थ देत असेल, तर ८७ ला अर्थ द्या. हे मल्टिमीटरने कळतं: बटण दाबल्यावर वायरवर १२ व्होल्ट येतात की शून्य, ते बघायचं. नव्या गाड्यांत बटण फक्त कंट्रोल युनिटला इशारा देतं. तिथे वायरिंग डायग्राम न बघता १२ व्होल्ट देऊ नका.

आता माझा विषय. कॉइलमधून प्रवाह वाहत असला की तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. प्रवाह अचानक तोडला की कॉइल तो चालू ठेवायचा हट्ट धरते आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवते. १२ व्होल्टच्या रिलेतूनही शंभराहून जास्त व्होल्टचा झटका येऊ शकतो, आणि तो खातो आपला ट्रान्झिस्टर. उपाय काही रुपयांचा आहे. ८५ आणि ८६ मध्ये एक डायोड लावा, त्याची पट्टी १२ व्होल्टच्या बाजूला. प्रवाह मग त्यातूनच गोल फिरून विरतो.

बरं, सॉलेनॉइड ही पण कॉइलच! तिचा प्रवाह तोडताना रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते. ते हळूहळू खराब होतात आणि एखाद्या दिवशी चिकटून बसतात. सॉलेनॉइड क्षणभर चालण्यासाठी बनवलेलं असतं. ते सतत चालू राहिलं तर तापून जळू शकतं. आणि इथे फ्यूज वाचवेलच असं नाही, कारण प्रवाह नेहमीइतकाच असतो! तो फक्त थांबत नसतो.

त्यामुळे डिकी उघडली म्हणजे काम झालं, असं समजू नका. बटण सोडल्यावर रिले परत 'टक्' करून सुटतो का, ते ऐका. आणि गाडी चालू असताना चुकून बटण दाबलं गेलं तर डिकी उघडत नाही ना, हेही गाडी उभी ठेवूनच तपासून घ्या.