पवनेचं वर जाणारं पाणी

एक मिलिमीटर पाणी म्हणजे फरशीवरची नुसती ओल. पण पिंपरी-चिंचवड महापालिकेचं क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर आहे, आणि एवढ्या जागेवरून एक मिलिमीटर पाणी उडालं तर ते भरतं १८ कोटी १० लाख लिटर. महापालिका रावेतच्या बंधाऱ्यातून पवनेचं पाणी उचलते ते दिवसाला साधारण ५१ कोटी लिटर. हे सगळं पाणी नळांत न सोडता शहरावर सारखं पसरलं, तर त्याचा थर तीन मिलिमीटरही भरणार नाही. वैशाखातल्या एका दिवसात इथली हवा याच्या दुपटीहून जास्त पाणी मागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झाल्यापासून पिंपरीतल्या संत तुकाराम नगरात हंडा, पिंप, टाकी असा हिशेब घरोघरी झाला. हवेच्या वाट्याचा हिशेब मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही, आणि पवनेची खरी गोष्ट तिथेच आहे.

हवेची तहान मोजता येते. ४० अंशांच्या हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाचा दाब ७.४ किलोपास्कल असतो, २५ अंशांना तो ३.२ वर येतो. आता वैशाखातली दुपार घ्या: ४० अंश, आर्द्रता २० टक्के. दाबात तूट राहते ५.९ ची. आषाढातली झड घ्या: २५ अंश, आर्द्रता ९० टक्के. तूट जेमतेम ०.३. एकाच गल्लीतली, एकाच गॅलरीतली हवा दोन महिन्यांच्या अंतरानं अठरा पटीनं कमी तहानलेली होते. म्हणून मे महिन्यात तासाभरात कडक वाळणारी चादर जुलैत दोन दिवस दमट राहते. वारा आणि ऊन यांचा भाग वेगळा. पावसाळ्यात घाटातून येणारा वारा जोरात असतो, पण तो आधीच भिजलेला असतो, आणि ढगांनी ऊन अडवलेलं असतं.

ऊन अडलं की सगळंच अडतं, कारण पाण्याची वाफ व्हायला लागणारी ऊर्जा थक्क करणारी आहे. एका लिटरला सुमारे ०.६८ युनिट. शहरावरच्या त्या एका मिलिमीटरला १२ कोटी ३० लाख युनिट. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट. तो पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालला तर ४ कोटी ७० लाख युनिट वीज होईल. म्हणजे पिंपरी-चिंचवडवरून एका दिवसात पाच मिलिमीटर पाणी उडायचं तर त्या दिवशी तेरा कोयना लागतील. सूर्य ते काम गाजावाजा न करता करतो आणि आपण म्हणतो, आज ऊन फार आहे.

पवना लहान नदी आहे. लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम, साठेक किलोमीटरचा प्रवास, दापोडीजवळ मुळेत संगम. एवढ्या अंतरात दोन हवामानं मावतात. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात ७०० च्या आसपास. हवेची वर्षाची मागणी मात्र दीड मीटरच्या, म्हणजे १,५०० मिलिमीटरच्या, जवळपास. वरच्या अंगाला पाऊस मागणीच्या अडीच पटीहून अधिक, खालच्या अंगाला निम्म्याहून कमी. घाटमाथ्यावर आषाढात एका दिवसात २०० मिलिमीटर पडणं नवं नाही. त्या दिवशी हवा परत नेते एखाद-दुसरा मिलिमीटर. उरलेलं पवना धरणात येतं. आपलं शहर स्वतःच्या पावसावर नव्हे, तर डोंगराच्या त्या शिलकीवर जगतं.

हवेची ही मागणी मोजायचं साधन अगदी साधं आहे: १२२ सेंटिमीटर व्यासाचं, २५ सेंटिमीटर खोल पात्र, लाकडी चौकटीवर ठेवलेलं. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी. रोज ठरल्या खुणेपर्यंत मापानं पाणी घालायचं. जितकं घालावं लागलं तितकं उडालं. देशातल्या कृषी हवामानशास्त्राची मांडामांड पुण्यातच झाली, १९३२ साली, एल. ए. रामदास यांच्या हाताखाली. पुढे १९४८ मध्ये इंग्लंडच्या हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, वारा, उष्णता आणि आर्द्रता एका समीकरणात गुंफली. आजही त्याच घराण्यातलं सूत्र जगभर वापरतात.

पण पात्रात पाणी कायम असतं, जमिनीत नसतं. खोऱ्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही आहे. हवेची तहान एप्रिल-मेमध्ये शिगेला पोचते, तेव्हा माळावर तिला देण्यासारखं काही उरलेलं नसतं. जमिनीतून होणारं बाष्पीभवन आणि पानांतून होणारं पर्णोत्सर्जन मिळून जे खरोखर वर जातं, ते पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरात असतं. ढग विरळ झालेले, ऊन लख्ख, जमीन ओलीगच्च, गवत कमरेएवढं. काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येण्याजोगं साधारण २०० मिलिमीटर पाणी धरते. दिवसाला चार मिलिमीटर गेलं तर पन्नास दिवस. मुरमाड जमिनीत त्याआधीच खडखडाट. मग पानं आपली रंध्रं मिटू लागतात, आणि हवेनं कितीही ओढलं तरी पाणी सुटत नाही.

जिथं माणूस पाणी देतो तिथं हा नियम मोडतो. कासारसाईला संत तुकारामांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. उसाला पूर्ण हंगामात २,००० मिलिमीटर पाणी धरलं, तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर. माणशी १३५ लिटरच्या मापानं ते चारशे माणसांचं वर्षाचं पाणी होतं. मुळांनी शोषलेल्या पाण्यातलं जवळजवळ सगळं पानांतून उडतं. उसात उरतं ते फार थोडं. यात शेतकऱ्याला बोल लावण्यासारखं काही नाही. वाफ सोडल्याशिवाय कुठलंच पीक वाढत नाही.

धरणाच्या पाण्यालाही कुठलं झाकण नाही. नोव्हेंबर ते जून दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर धरले, तर जलाशयाच्या दर चौरस किलोमीटरमागे १२० कोटी लिटर जातात. ते २४ हजार माणसांना वर्षभर पुरलं असतं. धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याचा विषय निघतो तेव्हा उडणाऱ्या पाण्याचा मुद्दा येतोच. नदीचं पात्र धरणापासून रावेतपर्यंत ३५ किलोमीटर आणि सरासरी ५० मीटर रुंद धरलं, उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर उडतात असं मानलं, तर नुकसान होतं दिवसाला १ कोटी ४० लाख लिटर. शहराच्या उचलीच्या तीन टक्क्यांहूनही कमी. जलाशयाच्या तीन चौरस किलोमीटरांवरून दिवसाला याहून जास्त जातं. या जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्या वादात माणसं गेली, तिथं बाष्पीभवनाचा आकडा मोघम वापरणं मला मान्य नाही.

आणि खुद्द संत तुकाराम नगर? वायसीएम रुग्णालय, मेट्रोचं स्थानक, इमारती, डांबर. मे महिन्यात इथं उडायला पाणीच नसतं, म्हणून उन्हाची ऊर्जा वाफेत न जाता भिंतींत आणि रस्त्यांत जाते. भरगच्च झाडानं दहा तासांत १०० लिटर पाणी वाफ करून सोडलं, तर ते ६८ युनिट उष्णता शोषतं, एक-एक टनाचे दोन एसी दहा तास चालावेत तेवढी. आणि ही उष्णता एसीसारखी खिडकीबाहेर टाकली जात नाही.

फक्त झाडाच्या मुळांशी तेवढी ओल हवी. आठ कोरड्या महिन्यांचे २४० दिवस, रोज १०० लिटर, म्हणजे २४ हजार लिटर. शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर ७०० मिलिमीटर पावसात ७० हजार लिटर पडतात. तेवढ्यात जवळपास तीन झाडांची सोय होईल, आणि आज बहुतेक गच्च्यांवरून ते पाणी पाइपातून थेट गटारात जातं.