एका फुफ्फुसाचें बळ

चतुर्थीस जालन्याहून कित्येक भाविक राजूरपर्यंत पायीं जातात आणि टेकडी चढून गणपतीचें दर्शन घेतात. ज्याचें एक फुफ्फुस शस्त्रक्रियेनें काढलें आहे, त्यास ही टेकडी चढतां येईल काय? घरचीं माणसें बहुधा म्हणतात, “अर्धी छाती गेली, आतां स्वस्थ पडून राहावें.” मायेपोटीं दिलेला हा सल्ला रोग्यास अपायकारक ठरतो.

क्षयानें निकामी झालेलें किंवा कर्करोगानें ग्रासलेलें फुफ्फुस कधीं कधीं समूळ काढावें लागतें. १९३३ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनीं कर्करोग झालेल्या डॉ. जेम्स गिल्मोर यांचें सबंध डावें फुफ्फुस काढलें. गिल्मोर पुन्हां आपल्या व्यवसायास लागले आणि सुमारें तीस वर्षें जगले.

हें कसें शक्य झालें? स्वस्थ बसलेल्या माणसास मिनिटास सहा ते आठ लिटर हवा पुरते. निरोगी तरुण श्रमाच्या वेळीं शंभर लिटरहि घेऊं शकतो. निसर्गानें एवढी शिल्लक ठेविली असल्यामुळें एक फुफ्फुस गेल्यावर श्रमशक्ति निम्मी होत नाहीं. ती साधारणतः शेंकडा वीस ते तीस घटते.

तथापि अडचण केवळ हवेची नाहीं. दोन फुफ्फुसांत वाटलें जाणारें सर्व रक्त आतां एकांतूनच जातें. विश्रांतींत तेथील मिटलेल्या केशवाहिन्या उघडून तें सामावून घेतात. जोराच्या श्रमांत मात्र दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूस ताण पडतो. शिवाय अंथरुणावर पडून पायांचे स्नायु रोडावतात, आणि दुबळे स्नायु थोड्या श्रमानेंहि दम आणतात. गेलेलें फुफ्फुस परत येत नाहीं; स्नायूंचें बळ मात्र परत मिळवितां येतें.

म्हणून डॉक्टरांच्या संमतीनें सपाट रस्त्यावर चालण्यास आरंभ करावा व अंतर हळूहळू वाढवावें. चालतांना एखादें वाक्य बोलतां येईल इतकाच वेग असावा. छातींत दुखणें, घेरी येणें, ओठ निळे पडणें अथवा पायांस सूज येणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास थांबून डॉक्टरांस दाखवावें. धूम्रपान कायमचें वर्ज्य.

अशा अभ्यासानंतर, डॉक्टरांनीं मोकळीक दिल्यास, विसावा घेत घेत राजूरची टेकडीहि पुष्कळांस चढतां येईल. घरच्यांनीं हात धरावा; वाट अडवूं नये.